दारातली गाडी आणि तिची बिलं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. जाहिरातीत जिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात आणि आपल्याकडं गावात जिला "छोटी उंच गाडी" म्हणतात, ती. कोणती घ्यावी, कुठला रंग घ्यावा, यावर घरातले पुरुष महिनाभर बोलतात. आम्हाला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. घेतलेली गाडी किती वेळा गॅरेजला जाते, कशानं जाते, आणि त्या खेपांचे पैसे घरातल्या कुठल्या डब्यातून निघतात, ते.

आम्ही खेड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, आंबेठाण हा आमचा पट्टा. इथं एमआयडीसी आली तशा जमिनी गेल्या, पैसा आला, आणि पुष्कळांच्या दारात बैलजोडीच्या जागी गाडी आली. पहिल्या गाड्या जमिनीच्या पैशाच्या होत्या. आताच्या हप्त्याच्या आहेत. पोरगा कंपनीत कंत्राटावर, सून पार्लर चालवते, सासूबाईंच्या चार म्हशी, आणि सगळ्यांचं मिळून दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेत जातं. पाच वर्षं, सात वर्षं. अशा घरात गाडी पंधरा दिवस गॅरेजला पडली की हप्ता काही थांबत नाही.

हा विषय गटात आला तोच कर्जाच्या अर्जावरून. एकीनं अंतर्गत कर्ज मागितलं, कारण लिहिलं "गाडीचा क्लच". पुढच्या बैठकीत दुसरीनं मागितलं, कारण "गाडीची वायरिंग". दवाखाना, शाळेची फी, बी-बियाणं यांसाठी आपण कर्ज देतोच. पण गाडीच्या दुरुस्तीला गटाचा पैसा जायला लागल्यावर आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापल्या गाडीची बिलं आणा. सतरंजीवर मांडू आणि बघू तरी." ज्यांच्याकडं गाड्या होत्या त्यांनी आणली. काहींची डाळीच्या डब्यात होती, काहींची गाडीच्याच कप्प्यात कोंबलेली, एकीची तर पाण्यानं भिजून एकाला एक चिकटलेली. ती वाचता वाचता जे कळलं, ते आज सांगतोय. आमच्या घरच्या गाड्यांच्या कंपन्यांची नावं घेणार नाही. कुणाची जाहिरात नको, कुणाची बदनामीही नको. जे जाहीर झालेलं आहे, पेपरात आलेलं आहे, तेवढं मात्र नावानं सांगू.

आधी एक गंमत बघा. ज्या गाडीसाठी आपण शोरूमच्या काचेतून डोकावतो, ती पुष्कळदा आपल्याच शिवारात जन्मलेली असते. चाकणच्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात २००९ पासून गाड्या बनतात. टायगुन आणि कुशाक तिथल्याच, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा दाखवलेली स्कोडाची कायलाक तिथलीच. महिंद्रानं चाकणमधूनच २०१५ मध्ये टीयूव्ही ३०० काढली होती, आपल्याकडं अजून पुष्कळ दिसते. टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये आली ती रांजणगावच्या कारखान्यातून. आणि ह्युंदाईची नवी व्हेन्यू आता तळेगावात बनते. म्हणजे चाकण, रांजणगाव, तळेगाव अशी एक फेरी मारली तर या गाड्यांची अर्धी जत्रा बघून होते. त्यांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने तर भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली आहेत. आमच्यातल्या दोघी अशाच एका कारखान्यात वायरिंग बांधायच्या कामाला आहेत. त्यांचं पुढं सांगूच.

"कॉम्पॅक्ट" म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला त्या दोघींनीच सांगितलं. गाडीची लांबी चार मीटरच्या आत. कायलाक आणि नेक्सॉन दोन्ही ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी! एवढं मोजूनमापून का, तर करासाठी. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असलं तर कर कमी बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांना ४०. म्हणून कंपन्या इंजिन छोटं ठेवतात आणि त्याला टर्बो लावून ताकद काढतात. लहान बैलाला मोठं औत जुंपायचं तर वैरण-पाणी वेळेवर लागतं. टर्बो इंजिनाचं वैरण-पाणी म्हणजे ऑईल. त्यात हयगय चालत नाही.

आता बिलांकडं येऊ.

आम्हाला वाटलं होतं मोठी बिघाडं पुष्कळ निघतील. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, असं. तसं झालं नाही. सगळ्यात जास्त खेपा कशासाठी झाल्या होत्या, सांगा बघू? समोरच्या टीव्हीसाठी! पडदा काळा पडतो, फोन जोडला जात नाही, मागचा कॅमेरा पावसात आंधळा होतो. यात पैसे फारसे जात नाहीत, वॉरंटीत बसतं. पण प्रत्येक खेपेला पोराची एक खाडा जाते, आणि कंत्राटी कामगाराच्या खाड्याचे पैसे कापतात. ते बिलात कुठं लिहिलेलं नसतं. आम्ही पाटीवर वेगळा रकाना करून ते खाडे लिहिले. एका घरात ते बिलापेक्षा जास्त भरले.

दुसरा नंबर खालच्या भागाचा. सस्पेन्शनचे बुश, लिंक, चाकाजवळचा खडखडाट. यात गाडीचा दोष किती आणि रस्त्याचा किती, हे तुम्हीच ठरवा. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यानं रोज कंटेनर जातात. त्यांनी पाडलेल्या खड्ड्यांतून आपली गाडी जाते. गाडी उंच आहे म्हणून पोरं खड्ड्यात वेग कमी करत नाहीत. उंचीमुळं पोट घासत नाही एवढंच, धक्का बसायचा तो बसतोच. आमच्यातल्या एका घरी टीयूव्ही आहे. ती ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली गाडी. तिच्या मालकीणबाईंचं म्हणणं, "आत बसलं की कांद्याच्या पोत्यासारखं हलायला होतं, पण खालून वाजत नाही." चाकणच्या बाजारात खरोखरच कांद्याची पोती घेऊन जाते ती गाडी, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला वजन आहे. तीच जातकुळी पुढं २०२१ मध्ये बोलेरो निओ नावानं परत आली.

तिसरे उंदीर. हसू नका. वायरिंगसाठी कर्ज मागितलं होतं ना, ते यांच्यामुळं. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी लावलेली, थंडीचे दिवस, इंजिन गरम. उंदराला याहून चांगली जागा कुठली? त्यानं वायरींचा जुडगाच कुरतडला. वॉरंटीत हे येत नाही. विम्यात येतं का, ते तुमच्या पॉलिसीवर अवलंबून आहे. घेतानाच विचारा आणि उत्तर पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. आमच्याकडं आता चाळीशेजारी गाडी लावत नाहीत, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघतात, आणि खाली जाळी बसवून घेतली आहे. तंबाखूची पुडी ठेवण्याचा उपायही करून झाला. उंदरांना तो पटलेला दिसत नाही.

आता क्लचचं सांगतो, कारण ते सगळ्यात महाग बिल होतं आणि त्यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पुणे–नाशिक महामार्गावर चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक तुम्हाला माहीत आहेत. संध्याकाळी पाळी सुटली की कंपन्यांच्या बसेस, ट्रेलर, दुचाक्या सगळं एका जागी येतं. दोन किलोमीटरला तास लागलेला आम्ही बघितला आहे. अशा गर्दीत आपोआप गिअर बदलणारी गाडी बरी, असं वाटून एकीच्या मुलानं तशी घेतली. त्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात आणि ते कोरडे असतात, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर ते लोण्यासारखे चालतात. पण गर्दीत पाऊल पाऊल सरकताना क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो आणि तापतो. गाडीनं आधी झटके द्यायला सुरुवात केली, मग समोर दिवा लावला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तीन वेळा "सॉफ्टवेअर टाकलं" म्हणून परत पाठवली. चौथ्या वेळी म्हणाले, तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे, क्लच वॉरंटीत येत नाही.

इथं त्या घरातली सून कामाला आली. तिनं प्रत्येक खेपेचं जॉबकार्ड जपून ठेवलं होतं. गाडी आत घेताना जो कागद देतात, तो. पहिल्या कार्डावर तक्रार लिहिली होती, "पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटका". दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावर तीच. गाडी तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. तिनं ती तिन्ही कार्डं जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्र पाठवलं. बाकी काही लिहिलं नाही, फक्त विचारलं की क्लच घासून संपणारी वस्तू आहे हे मान्य, पण पहिल्या महिन्यापासूनची तीच तक्रार घासून संपण्याची कशी? महिन्याभरात निम्म्याहून जास्त खर्च कंपनीनं उचलला. उरलेल्यासाठी गटाचं कर्ज. जॉबकार्डावर जर नुसतं "जनरल चेकअप" लिहिलेलं असतं तर काहीच मिळालं नसतं. म्हणून कार्डावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, वाचून मगच सही करा, आणि एक प्रत घरी आणा. ते म्हणतील कॉम्प्युटरमध्ये आहे. असू द्या, आम्हाला कागद द्या म्हणायचं.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी गाडी थोडा वेळ एका वेगानं पळाली की आतल्या आत जळून जाते. पण ज्यांची गाडी रोज डेअरीपर्यंत तीन किलोमीटर आणि परत, एवढीच चालते, त्यांची जाळी तुंबते. दिवा लागतो, ताकद कमी होते, आणि दुर्लक्ष केलं तर मोठा खर्च निघतो. आमच्यातल्या एका ताई आता दर रविवारी गाडी खेडच्या पुढं मंचरपर्यंत नेऊन आणतात. माहेरही तिकडंच आहे, त्यामुळं नवऱ्याला शंका आहे की डीपीएफ हा नुसता बहाणा आहे. पण दिवा लागायचा थांबला, हे खरं आहे. तुमचं रोजचं जाणं दोन-चार किलोमीटरचंच असेल तर डिझेल घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. मायलेजमध्ये जे वाचतं ते तिथं जातं.

पेट्रोलबद्दल सध्या सगळे विचारतात ते इथेनॉलचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ते सोसतील अशा केलेल्या आहेत. त्याआधीच्या असतील तर मायलेज काहीसं घटतं हे सरकारनंही मान्य केलं आहे, आणि काही जुन्या गाड्यांत रबराचे भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात. सर्व्हिसिंगला गेल्यावर तेवढं तपासायला सांगा.

आणि ऑईल. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या महिन्यांनी, जे आधी येईल ते. आपल्या घरात सगळे किलोमीटर बघतात. "अजून कुठं झालेत, चार हजारच." अहो, चाकण चौकात इंजिन तासभर चालू राहतं आणि काटा दोन किलोमीटर सरकतो! इंजिनानं केलेलं काम किलोमीटरमध्ये दिसतच नाही. त्याच पुस्तकात मागं एक छोटं पान असतं, धूळ, गर्दी आणि जवळच्या फेऱ्या असतील तर ऑईल आणि हवेचा फिल्टर लवकर बदला असं सांगणारं. खडी क्रशरची धूळ, अर्धवट रस्त्यांची धूळ, गर्दी, सगळं आपल्याकडं आहे. ते पान आपल्यासाठीच छापलेलं आहे असं समजा. आमच्या बिलांमध्ये ज्या दोन गाड्या सगळ्यात कमी खर्चाच्या निघाल्या, त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. त्यांच्यात सारखी गोष्ट एकच होती, दोन्ही घरांत सर्व्हिसिंगची तारीख बाईच्या हातात होती. एकीनं ती कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराशेजारी लिहिलेली.

आता ताऱ्यांचं. गाडी विकताना "पाच तारे आहेत" म्हणून सांगतात. ते महत्त्वाचं आहेच. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच. कुशाक आणि टायगुनला २०२२ मध्ये मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. पण हे तारे धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतील त्याचे आहेत. गाडी भामचंद्राच्या डोंगराखाली रात्री बंद पडेल का, याचं उत्तर त्या ताऱ्यांत नाही. कुशाकचंच बघा. २०२१ मध्ये ती आली तेव्हा काही ग्राहकांच्या गाड्या चालता चालता दम सोडायच्या आणि समोर ईपीसी नावाचा दिवा लागायचा. इंधनाच्या पंपात दोष आहे हे कंपनीनं मान्य केलं आणि अधिक टिकाऊ पंप बसवून देऊ म्हणून सांगितलं. तीच गाडी पुढल्या वर्षी धडकेच्या चाचणीत पाच तारे घेऊन आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. म्हणून कुठलीही नवी गाडी बाजारात आल्या आल्या पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नये, असं आम्हाला वाटतं. ज्यांना हौस आहे त्यांना आधी चालवू द्या.

यातूनच परत बोलावण्याचा विषय निघतो. इंग्रजीत त्याला रिकॉल म्हणतात. कंपनीला कळतं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांत एक भाग कच्चा गेला आहे, मग ती सगळ्या मालकांना बोलावून तो फुकट बदलून देते. २०२५ मध्ये चाकणच्याच गाड्यांचं असं झालं. २४ मे २०२४ ते १ एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या स्कोडाच्या २५,७२२ आणि फोक्सवॅगनच्या २१,५१३ गाड्या परत बोलावल्या, त्यात कायलाक, कुशाक, टायगुन होत्या. कारण होतं मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल. समोरून धडक बसली तर ते तुटण्याची शक्यता होती. मागच्या सीटवर कोण बसतं? आपण आणि पोरं. पुरुष पुढं. आणि आपल्याकडं मागं बसलेलं कुणी पट्टा लावत नाही, त्यामुळं बक्कल खराब आहे हे आपल्याला दहा वर्षं कळायचं नाही.

वायरिंग बांधणाऱ्या आमच्या दोघींना आम्ही विचारलं, एवढ्या गाड्यांत एकच चूक कशी राहते? त्यांनी सांगितलं ते ऐका. एका गाडीच्या वायरींच्या जुडग्याला शेकडो वायरी आणि ढिगानं क्लिपा असतात. बोर्डावर खिळे मारलेले असतात, त्यावरून वायर न्यायची, पट्टी गुंडाळायची, क्लिप लावायची. पाळीभर उभं राहून. वायर जरा वेगळ्या वाटेनं गेली तर त्या दिवशी काही होत नाही, तपासणीतही दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. पण गाडी चालली की ती धातूला घासते, आणि वर्षा-दोन वर्षांनी तिची कातडी निघते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्रानं चाकणला बनलेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या तपासायला बोलावल्या होत्या, त्याचं कारण हेच होतं, इंजिनाजवळची वायर घासून कापली जाण्याचा धोका. ती गाडी कॉम्पॅक्ट नाही, मोठी आहे, पण गोष्ट तीच. आमच्यातली एक म्हणाली, "जिथं वायर वळवायची ते वरून ठरवून येतं. आम्ही सांगितलं होतं का कुणाला विचारलं जातं?" आम्ही हे जसंच्या तसं इथं सांगतोय.

गाडी परत बोलावली म्हणजे गाडी वाईट, असं समजू नका. बोलावून फुकट दुरुस्त करणारी कंपनी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला, आणि आता दोषी गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकारही देऊ शकतं. आपली अडचण वेगळीच आहे. बोलावणं येतं ते कंपनीकडं नोंदलेल्या मोबाईलवर. गाडी बाईच्या नावावर घेतली, कारण कर्जात सवलत होती, पण नंबर दिला दिराचा. किंवा गाडी जुनी घेतली आणि नंबर अजून पहिल्या मालकाचाच आहे. मग बोलावणं कुणाकडं जाणार? एकदा सर्व्हिस सेंटरला जाऊन स्वतःचा नंबर नोंदवा. आरसीवर चॅसी नंबर असतो, तो कंपनीच्या ग्राहक विभागाला सांगितला की तुमची गाडी बोलावलेल्यांत आहे का, ते सांगतात. आमच्यातली एक विचारायला गेली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेबांना पाठवा." ती म्हणाली, "आरसीवर साहेब कुठं आहे दाखव." नंबर बदलून मिळाला.

तक्रार ऐकली गेलीच नाही तर? १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. मराठीतही बोलता येतं. पुष्कळ तक्रारी तिथंच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण जिथं राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी मुंबईत घेतली असली तरी. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांना चारशे. वकील घेतलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. मात्र एक लक्षात ठेवा, "गाडी बदलून द्या" असा निकाल सहज मिळत नाही. कारखान्यातूनच दोष आला हे तज्ज्ञाच्या अहवालानं दाखवावं लागतं. दुरुस्ती फुकट करून मिळणं आणि त्रासाची भरपाई, हे त्या मानानं जास्त वेळा होतं. आणि इथंही जॉबकार्डंच उपयोगी पडतात.

काही गटांनी आम्हाला विचारलं की गटानं गाडी घेऊन कंपनीच्या कामगारांना ने-आण करायला लावावी का. लावता येते. पण पांढऱ्या पाटीवर भाडं घेता येत नाही, पिवळी पाटी आणि परवाना लागतो. आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा, पुष्कळ कंपन्या भाड्याच्या गाडीला वॉरंटी कमी देतात. ग्राहक आयोगात मात्र स्वतःचं पोट भरायला, स्वतः चालवून केलेला धंदा असेल तर तुम्ही ग्राहकच धरल्या जाता. मोठा व्यापारी व्यवहार असेल तर नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. कंपनी आहे का गेली, ते बघा. आपल्या तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता, शेव्हरोले गाड्या बनायच्या. २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात विक्री थांबवली. सर्व्हिस देऊ म्हणाले, पण जुन्या गाडीचा भाव खाली आला तो आलाच. त्याच कारखान्यात आता ह्युंदाई आहे. फोर्डनंही सप्टेंबर २०२१ मध्ये इथं गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. इकोस्पोर्ट ही या छोट्या उंच गाड्यांतली सुरुवातीची आणि दणकट म्हणून नाव असलेली, आता स्वस्तात मिळते. घ्या हवी तर, पण आधी तुमच्या जवळच्या गॅरेजवाल्याला विचारा की पुढचा दिवा, दरवाजा, काच मिळायला किती दिवस लागतात. इंजिनाचे भाग मिळतात, पत्रा आणि काच अडतात.

आणि बघायला जाताना सकाळी लवकर जा, मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी चालू करू नका. थंड इंजिन आपल्या समोर सुरू झालं पाहिजे. सर्व्हिसिंगची नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरवरची मागा, हातानं लिहिलेली वही चालणार नाही. पट्ट्याच्या मुळाशी आणि सीटखाली हात घालून बघा, चिखल लागला तर गाडी पुरात उभी होती. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र घ्या आणि आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या. समोरच्या टीव्हीवर गाणी वाजतात का ते शेवटी बघा. विकणारा तीच आधी लावतो.

तुमच्या गटातही बिलं मांडून बघितली तर आम्हाला कळवा. कंपनीचं नाव नको, गाडी किती वर्षांची, रोज किती चालते, कशासाठी किती खेपा आणि किती खाडे, एवढं एका कागदावर लिहून रेडिओ केंद्रावर पाठवा. आमच्या पाटीवर जागा आहे.